उन्हाळ्यात हवा कमी?

(कॉन्व्हेंटवाली आहे, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या!)

मागच्या मे महिन्यात मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी ताथवड्यातल्या पंक्चरवाल्या काकांनी आमच्या गाडीचे पुढचे टायर दाखवले. दोन्ही कडा गुळगुळीत, मधली नक्षी मात्र शाबूत. "हवा कमी ठेवता का?" बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात हवा फुगते ना, म्हणून मुद्दाम पाच-सहा पॉइंट कमी ठेवतो."

घोळ इथेच आहे. हवा कमी असली की टायर दबतो, वजन कडांवर येतं आणि त्या आधी झिजतात. शिवाय प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू वाकते, सरळ होते आणि त्यानेच टायर तापतो. किवळ्याला एक्सप्रेसवेवर चढून तासभर शंभरने गाडी पळवली, तर टायर फुटायची भीती वाढते, कमी होत नाही! हवा जास्त झाली तर मधला पट्टा झिजतो. एकच कड झिजली असेल तर बिचाऱ्या हवेला दोष देऊ नका, अलाइनमेंट बघा.

मग हवा किती? ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावरचा आकडा खरा. टायरवर 'मॅक्स' म्हणून छापलेला नव्हे. चालताना हवा फुगणार हे कंपनीने त्यात धरलेलंच असतं, फक्त टायर थंड असताना मोजा.

टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, टायर बाद.

बाबांनी काही न बोलता दोन नवे टायर घेतले. स्टिकरचा फोटो आता माझ्या मोबाईलमध्ये आहे.