मोटर तापवून मोजावी

इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर येण्याआधी संगणकात पळते. वजन, चाकाचा व्यास, हवेचा विरोध, चढ असं सगळं भरलं की एका चार्जमध्ये ती किती जाईल, घाटात दमेल का, याचं उत्तर मिळतं. मात्र मोटर कशी वागते ते संगणकाला आपोआप कळत नाही. ते कुणीतरी मोजून द्यावं लागतं. पुण्यात टेस्ट बेंचवर मी तेच काम करते.

मोटरचा शाफ्ट डायनोला, म्हणजे मोटरवर भार टाकणाऱ्या यंत्राला, जोडायचा, मध्ये टॉर्क सेन्सर बसवायचा. मोटर फिरवत राहते, डायनो तिला अडवत राहतो. शाफ्टवर २० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ३,००० आरपीएम असतील, तर मिळणारी शक्ती सुमारे ६,२८० वॅट. त्याच क्षणी बॅटरीतून ७,००० वॅट जात असतील, तर उरलेले ७२० वॅट कंट्रोलर आणि मोटर तापवण्यात गेले. वेग बदलून, टॉर्क बदलून अशी शेकडो रीडिंग घेतली की एफिशियन्सी मॅप तयार होतो.

यात एक टक्क्याची चूक किरकोळ वाटते, पण तशी ती नसते. मोटरची कार्यक्षमता ९५ टक्के असेल, तर तोटा फक्त ५ टक्के. टॉर्क एक टक्का चुकला की तोच तोटा ४ किंवा ६ दिसतो, म्हणजे उष्णतेचा अंदाज वीस टक्क्यांनी चुकतो. म्हणून टेस्टच्या आधी आणि नंतर, भार नसताना सेन्सरचा शून्य तपासल्याशिवाय मी रीडिंग पुढे पाठवत नाही.

घाई होते ती तापमानाच्या बाबतीत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांवरची वाइंडिंग १२५ वर गेली की तो जवळपास ४० टक्के जास्त भरतो. चुंबकही थोडे क्षीण होतात. ते पाहायला मोटरच्या तारा मोकळ्या सोडून डायनोनेच ती फिरवायची आणि टोकांवरचं व्होल्टेज मोजायचं. गरम मोटरचा आकडा थंडपेक्षा कमी येतो. थंड मोटरचाच मॅप भरला, तर संगणकातली स्कूटर कात्रजचा घाट डबलसीट अगदी आरामात चढते. खरी स्कूटर चढेलच असं नाही.

दुसरं दुर्लक्ष होतं मॅपच्या खालच्या कोपऱ्याकडे, म्हणजे कमी वेग आणि कमी टॉर्क असलेल्या भागाकडे. चाचणीसाठी ठरवून दिलेल्या वेगक्रमाचं, म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकलचं, एक चक्र १०८ सेकंदांचं, आणि त्यात वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नाही. शहरातली स्कूटर याच कोपऱ्यात जगते. तिथे कार्यक्षमता घसरलेली असते आणि टॉर्क इतका कमी असतो की सेन्सरची छोटी चूकही मोठी ठरते. माझ्या मते रेंजचे बरेचसे फसवे अंदाज इथेच जन्मतात.

स्कूटर घेताना नुसत्या ‘पीक पॉवर’वर जाऊ नका. सलग अर्धा तास ती किती शक्ती देते, हे विक्रेत्याला विचारा. ही शक्ती मोजण्याची पद्धत एआयएस-०४१ या भारतीय मानकात दिलेली आहे.