आता तुम्ही शिकवा

डॉक्टरांचं बोलून झालं. सतरंजीवर ठेवलेल्या दोन अर्ध्या पुतळ्यांपैकी एक त्यांनी पुढे सरकवला आणि समोर बसलेल्या आशाताईंना म्हणाले, "आता तुम्ही शिकवा." ताई गोंधळल्या. छाती दाबून दाखवायला त्या तयार होत्या, सकाळपासून दोनतीनदा दाबूनही झालं होतं. पण शिकवायचं म्हणजे शेजारच्या बाईला गुडघ्यावर बसवायचं, तिचे कोपर वाकले की सरळ करायचे आणि तिने "बरगडी मोडली तर हो?" असं विचारलं तर उत्तर द्यायचं. डॉक्टरांनी मदत केली नाही, दुसऱ्या कुणाला बोलूही दिलं नाही. बराच वेळ गेला. मग ताईच म्हणाल्या, "आधी खांद्याला धरून हाक मारायची. गेला म्हणून रडत बसायचं नाही. बरगडी मोडली तर जुळंल. हे थांबलं तर काय जुळायचंय?"

हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याच्या वणीतल्या या प्रशिक्षणाला जमलेल्या कुणालाही फक्त स्वतःपुरतं शिकून चालणार नव्हतं. बचत गटातल्या बाया, दोन शिक्षक, उपबाजारातले हमाल, सप्तशृंगगडावर प्रसादाचं दुकान असलेली एक मावशी, नांदुरीपर्यंत जीप चालवणारे दोघे आणि भजनी मंडळातला एक संबळवाला. यांतल्या प्रत्येकाने आपापल्या माणसांत जाऊन हेच पुन्हा सांगायचं, अशी अट होती. म्हणून दिवसाचा मोठा भाग छाती दाबण्यात गेलाच नाही. तो बोलण्यात गेला, आणि मला त्यातच खरं काम दिसलं.

वणीला याची निकड का आहे, ते नकाशा सांगतो. नाशिक चाळीसेक किलोमीटरवर. दुसऱ्या बाजूला नांदुरी, तिथून दहा किलोमीटरचा घाट, वर सप्तशृंगगड आणि गावापासून देवीच्या मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तरी पायऱ्यांनीच जाईन म्हणणारे कमी नाहीत. चैत्रोत्सवात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खानदेशातून माणसं पायी येतात. जळगाव-धुळ्याचं ऊन डोक्यावर, पायाला फोड, रात्रीची झोप नाही, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिलेल्या किंवा उपासामुळे मुद्दाम टाळलेल्या. अशा शरीराला शेवटच्या चढावर काही झालं, तर मदत कितीही धावत आली तरी तिला रस्ता कापावा लागतो. बंद पडलेल्या हृदयाला कुणी हात लावला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. १०८ ची सेवा राज्यात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तिच्यात डॉक्टर असतो आणि ती मोलाची आहे. पण घाटातली पहिली दहा मिनिटं तिच्या हातात नसतात. ती शेजारच्या माणसाच्या हातात असतात.

सगळ्यात जास्त वेळ अडला तो एका फरकावर. 'अटॅक आला' म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, कळ सोसतो. त्याची छाती दाबायची नसते, त्याला बसवून लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं असतं. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. तिथे दाबणं त्याच क्षणी सुरू करायचं असतं. डॉक्टरांनी फळ्यावर चित्र काढलं, रोहिण्यांची नावं लिहिली. माना हलल्या, पण परत सांगायला उठवलं की दोन्हींची खिचडी होत होती.

ती सोडवली द्राक्षबागेवाल्या एका तरुण शेतकऱ्याने. तो म्हणाला, "ड्रिपची नळी चोकअप झाली तर तेवढ्या ओळीतल्या वेली सुकायला लागतात. मोटार चालू असते. तिथं नळी मोकळी करणारा माणूस बोलवायचा. आणि मोटारच बंद पडली तर अख्खी बाग जाती. मग मोटार चालू होईस्तोवर हातानं पाणी मारायचं." वणीच्या या दिंडोरी तालुक्यात हे कुणालाही पुन्हा समजावावं लागणार नाही. डॉक्टरांनी एवढीच भर घातली की चोकअपमुळेही मोटार बंद पडू शकते आणि तो धोका पहिल्या तासाभरात फार असतो, म्हणून कळ आलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, चालवायचं नाही, मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. त्यानंतर उठलेल्या प्रत्येकाने मोटारीवरूनच शिकवलं. फळ्यावरचं चित्र कुणी वापरलं नाही.

मग लक्षणं. इथे खोलीतल्या प्रत्येकाकडे एक गोष्ट होती आणि बहुतेक गोष्टी गॅसपाशी सुरू होत होत्या. पित्त झालंय, ओवा खा, सोडा पी, पडून राहा, सकाळी बघू. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणं, गार घाम, मळमळ, दम लागणं. हे काही मिनिटांत ओसरलं नाही, तर गॅस आहे की नाही हे घरी ठरवायचं नाही, ते ईसीजी ठरवील. बायांच्या आणि मधुमेही माणसांच्या बाबतीत छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो, फक्त दम, घाम आणि कधी नव्हे असा थकवा. हे ऐकून बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. द्राक्षाच्या खुडणीत थकवा कुणाला नसतो? ही अडचण खरी होती आणि डॉक्टरांनी ती सोपी करून दाखवली नाही. रोजचा थकवा बसल्यावर उतरतो, हा बसूनही उतरत नाही आणि सोबत घाम फुटतो, एवढी खूण त्यांनी दिली.

ॲस्पिरिनचा प्रश्न आलाच. गुठळी वाढू नये म्हणून ती चावून खायला देतात हे पुष्कळांनी ऐकलं होतं. पण ज्याला तिची ॲलर्जी आहे, पोटात रक्तस्राव झालेला आहे किंवा हा पक्षाघात असण्याची शंका आहे, त्याला ती घातक ठरू शकते. जिभेखालची गोळी शेजाऱ्याच्या डब्यातून काढून देणं त्याहून वाईट, कारण रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून ठरलं की गोळी स्वयंसेवकाने मनाने द्यायची नाही, फोनवरच्या किंवा जवळच्या डॉक्टरला विचारायचं. आपल्या हद्दीत राहणं हाही शिकवण्याचा भाग आहे, आणि जरा आत्मविश्वास आलेल्या माणसाला तोच सगळ्यात जड जातो.

दुपारनंतर नाटक करून बघायचं होतं. बचत गटातली एक आजी यात्रेकरू झाली आणि छातीला हात लावून भिंतीशी टेकली. जीपवाला दादा जवळ गेला, "आजी, काय होतंय? खाली दवाखान्यात चला." आजी म्हणाली, "आईच्या दारात आले, इथं मला काय व्हायचंय? दर्शन घेते आन मग बघू." दादाने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. आजी हलली नाही. ती नाटक करत होती, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि गडावर नेमकं हेच ऐकू येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रसादाच्या दुकानवाल्या मावशी उठल्या. त्या आजीच्या शेजारी खाली बसल्या, मनगट हातात घेतलं आणि अहिराणीत विचारलं, "माय, छातीमा दुखस का?" आजीने मान हलवली. "मग जरा बस. आई कुठं जात नाही. पाय सैल सोड." दवाखान्याचं नाव त्यांनी काढलंच नाही. आजीला बसवली, टेकू दिला, पदराने वारा घातला आणि दुसऱ्या हाताने जीपवाल्याला फोन लावायची खूण केली. डॉक्टर म्हणाले, "श्रद्धेशी वाद घालायचा नाही. आधी बसवा. बसलेल्या माणसाला दहा मिनिटांनी जे पटतं, ते उभ्या माणसाला पटत नाही." मावशींनी जे केलं, ते मला कुठल्याही छापील पुस्तिकेत सापडलं नसतं. वर्षानुवर्षं थकलेली माणसं पायरीवर बघितलेल्या बाईलाच ते सुचतं.

नंतर त्याहून अवघड गोष्ट निघाली. हृदय बंद पडल्यावर काही जण पहिली काही मिनिटं मधूनच आचके देतात, घशातून घरघर येते. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे, आणि दाबणं राहून जातं. किंवा वाटतं की शेवटचा क्षण आला, आणि तोंडात तुळशीचं पान, गंगेचं पाणी घातलं जातं. खोली शांत झाली, कारण आपल्या माणसाच्या तोंडात असं पाणी घातलेले तिथे बसलेले होते. डॉक्टर बेताने बोलले. त्या वेळी तुम्ही केलं ते मायेनं केलं. आता कळलंय तर हाक मारूनही उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, म्हणजे हृदय बंद आहे असं धरून दाबायला लागायचं. तोंडात पाणी घालायचं नाही, नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात वेळ घालवायचा नाही.

दाबण्याची कृती त्यामानाने लवकर बसली. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत मांडली, तीच इथे शिकवली जात होती. मोठ्या माणसाला तोंडाने श्वास द्यायचा नाही, त्यामुळे निम्मा संकोच तिथेच जातो. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना श्वासही लागतो, तो धडा वेगळा. माणूस सपाट, टणक जमिनीवर. पायरीवर पडला तर आधी टप्प्यावर घ्यायचा, आणि कुठला टप्पा किती रुंद आहे हे मावशींना पाठ होतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटिमीटर खाली आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मिनिटाला १२०. हमालांचे दाब खोल गेले पण वेग पडला, शिक्षकांचा वेग राहिला पण खोली गेली. संबळवाल्याने मात्र पहिल्याच खेपेला मोबाइलवरच्या ठोक्याला ठोका जुळवला. मग तो नुसता मांडीवर हात मारत बसला आणि बाकीचे त्याच्या तालावर दाबत राहिले. दोन मिनिटांत धडधाकट माणसाचाही घाम निघतो, म्हणून माणूस बदलायचा. बदलतानाही हात थांबू द्यायचे नाहीत.

बाईच्या छातीला पुरुषाने हात कसा लावायचा, हे एका शिक्षकाने विचारलं आणि हसू उमटायच्या आत डॉक्टरांनी उत्तर दिलं. अमेरिकेत सुमारे २० हजार घटनांच्या अभ्यासात, सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना लोकांनी छाती दाबून मदत केली होती, बायांपैकी ३९ टक्क्यांना. संकोच तिकडेही आहे आणि त्याची किंमत बायाच देतात. बचत गटातल्या बायांनी यावर आपसांत ठरवलं की गावात शिकवताना पुतळ्याला साडी नेसवायची आणि पुरुषांना त्याच पुतळ्यावर दाबायला लावायचं. मला तो दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटला.

एवढं साध्या माणसांच्या हाती द्यावं का, ही शंका महाराष्ट्राला नवी नाही. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला गावातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं, तेव्हाही ती होती. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या आरोग्यदूतांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळं सांभाळली, श्वास न घेणाऱ्या बाळांनाही हाताळलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. छाती दाबणं त्या मानाने सोपं आहे. मुळात १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ही पद्धत जगापुढे मांडली, तेव्हाच तिला दोन हातांपलीकडे कुठलं साधन लागत नव्हतं.

अवघड आहे ते लक्षात राहणं. ६ डिसेंबर २०२३ ला देशभर एकाच दिवशी २० लाखांहून अधिक लोकांनी या प्रशिक्षणात भाग घेतल्याची नोंद झाली. आकडा मोठा आहे, पण हाताचं हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, आणि एका दिवसाच्या मोहिमेकडे त्याला उत्तर नसतं. डेन्मार्कने २००५ पासून ते शाळांत सक्तीचं केलं, पुढे वाहन परवान्यालाही जोडलं. तिथे लोकांनी छाती दाबण्याचं प्रमाण २००१ मध्ये २१ टक्के होतं, २०१० मध्ये ते ४५ टक्क्यांच्या घरात गेलं, आणि तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर आलं. म्हणजे तिथेही दहातले नऊ जण जातातच. स्वयंसेवकांना हे आधीच सांगायला हवं आणि इथे ते सांगितलं गेलं. ज्याच्या हाताखाली पहिलाच माणूस जाईल, त्याने पुढच्या वेळी मागे सरू नये, यासाठी.

संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या गावापुरती उत्तरं लिहून काढली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं का? १०८ ला पत्ता सांगताना कुठली खूण द्यायची? कुणाच्या दारात रात्री गाडी उभी असते? ज्यांना येत नव्हती, ते आठवड्याच्या आत चौकशी करून येणार होते. पुतळा गावात ठेवायचा की परत पाठवायचा, यावर बराच वाद झाला. शेवटी एक पुतळा वणीतच राहिला. पहिला महिना बचत गटाकडे, मग शाळेत, मग उपबाजारात हमालांकडे, आणि चैत्रोत्सवाच्या आधीचा पंधरवडा गडावर. एका पुतळ्यात भागणार नाही म्हणून रिकामी बाटली घट्ट गुंडाळलेल्या गोधडीत बसवून तिच्यावर सराव कसा करायचा, तेही मावशींनी करून बघितलं. बाटली पुरती दबत नव्हती. त्यांनी झाकण सैल केलं, पुन्हा दाबलं, आणि संबळवाल्याला ताल धरायला सांगितला.