ग्लो चार दिवसांचा!

पिंपल आला की आपण डॉक्टरकडे नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. काउंटरवरून मिळालेल्या ट्यूबने चार दिवसांत चेहरा चकाचक झाला, तर खूश होऊ नका. उलट तेव्हाच सावध व्हा!

शनिवारची संध्याकाळ. पुढच्या रविवारी बेस्ट फ्रेंडचा साखरपुडा. ड्रेस ठरलाय, सँडल्स ठरल्यात, फोटोग्राफरसुद्धा ठरलाय. आणि आरशात बघता तर काय, हनुवटीवर तीन लालबुंद पाहुणे! न बोलावता आलेले.

मग पुढचा सीन ठरलेला.

‘काका, पिंपल्सवर काहीतरी द्या ना. लवकर जायला हवेत.’

‘ही घ्या ताई. रात्री लावून झोपा. सगळे हीच नेतात.’

ना प्रश्न, ना चिठ्ठी. ट्यूब पर्समध्ये, आपण बाहेर. चौथ्या दिवशी लाली गायब, चेहरा उजळ. साखरपुड्यात तीन मावश्या आणि एक काकू विचारतात, ‘काय गं, पार्लर बदललंस का?’ ट्यूब हिट! मग ती रूममेटला सांगितली जाते, रूममेट ऑफिसमध्ये सांगते आणि ऑफिसमधला एखादा मित्रही गुपचूप नाव लिहून घेतो. (मुलांना पिंपल्सचं टेन्शन नसतं, असं कुणी म्हटलं?)

स्टोरी इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण महिना-दोन महिन्यांनी ट्यूब संपते. दोन दिवस लावायची राहते, आणि चेहरा पेटतो. आधी तीन पिंपल्स होते, आता तीस. उन्हात गेलं की चरचरतं, साबण लावला की आग होते. घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणली की लगेच बरं वाटतं. आता मात्र ट्यूब तुम्हाला नाही, तुम्ही ट्यूबला लागलेले असता.

ट्यूबमध्ये असतं काय?

बऱ्याचदा या ‘सगळे नेतात’ ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. कधी एकटं, कधी अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधासोबत, तर कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर. या शेवटच्या त्रिकुटाचं मूळ १९७५ सालात आहे. क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी काळे डाग फिके करण्यासाठी असं मिश्रण मांडलं होतं. वांगासारख्या डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजके आठवडे वापरायचं हे औषध. आपल्याकडे ते फेअरनेस क्रीम, पिंपल क्रीम, नाईट क्रीम असं सगळंच होऊन बसलं.

स्टेरॉईड वाईट औषध आहे का? मुळीच नाही. एक्झिमासारख्या त्रासात योग्य वेळी, योग्य जागी ते फार कामाचं आहे. पण पिंपलवर ते करतं काय, तर सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. म्हणून लाली जाते आणि चेहरा गोरा दिसतो. पिंपल ज्यामुळे आला, ते कारण तसंच राहतं. जास्त दिवस लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, नको तिथे लव वाढते, काही ठिकाणी पांढुरके चट्टे पडतात. आणि हो, पिंपल्ससुद्धा येतात! ज्यासाठी लावलं, तेच.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशभरातल्या १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांची पाहणी झाली होती. त्यातले ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉईड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. आणि सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता? पिंपल्स येणं किंवा असलेले वाढणं!

एवढ्या सहज ही ट्यूब मिळायची तरी कशी? चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच. पण बाहेरून लावायच्या मलमांना त्यात सूट होती. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने बराच पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉईड्सना त्या यादीत आणलं. म्हणजे कागदावर तरी चिठ्ठी मस्ट! पण काउंटरवर नियम किती पाळला जातो, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

म्हणून ट्यूब हातात आली की आधी मागचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन... यातलं एकही नाव दिसलं, तर पिंपलसाठी ती ट्यूब नको. लाल ‘आरएक्स’ खूण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सोपा फंडा आहे.

पिंपल उगवतो तरी कसा?

आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. हार्मोन्सच्या इशाऱ्यावर त्या जास्त तेल बनवतात. मृत पेशी त्या तेलात चिकटून छिद्राचं तोंड बंद करतात. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू मजेत वाढतात आणि मग सूज येते. ही सगळी तयारी आतल्या आत काही आठवडे चाललेली असते. म्हणजे आज दिसलेला पिंपल आजचा नाहीच! ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. तो हवेच्या संपर्कात आलेल्या तेलाचा आणि त्वचेतल्या रंगद्रव्याचा असतो. तेव्हा दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन तो जाणार नाही.

आणि ‘हे कॉलेजात असतं, आता कसं काय?’ असं वाटत असेल, तर रिलॅक्स. पंचविशी-तिशीतही पिंपल्स येतात, मुलींना तर सर्रास.

मग काउंटरवरून घ्यायचं काय?

साधे, थोडे पिंपल्स असतील तर घेण्यासारखं आहे. फक्त नाव सांगून मागा, ‘काहीतरी द्या’ म्हणू नका.

बेन्झॉइल पेरॉक्साइड : लाल, पू झालेल्या पिंपल्ससाठी हा जुना, भरवशाचा गडी. तो जिवाणू मारतो आणि अँटिबायोटिकसारखी जिवाणूंना त्याची सवय होत नाही. २.५, ५ आणि १० टक्के अशा ताकदींत मिळतो. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हा आपला गैरसमज. २.५ टक्क्यांचं जेलही जवळपास तेवढंच काम करतं आणि त्वचा कमी जाळतं. एक मात्र सांभाळा, हा कपड्यांचा रंग उडवतो. आईने हौसेने घेतलेल्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले की घरात काय होतं, ते सांगायला नको! रात्री पांढरा अभ्रा आणि जुना टॉवेल वापरा.

सॅलिसिलिक ॲसिड : ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्सचा शत्रू. छिद्रातल्या तेलात शिरून बसलेला बूच सैल करतो. ०.५ ते २ टक्क्यांपर्यंतचे फेसवॉश, जेल मिळतात. लाल, सुजलेल्या मोठ्या पिंपल्सवर एकटा फारसा चालत नाही.

अ‍ॅडापलीन : रेटिनॉइड कुटुंबातला सौम्य भाऊ, छिद्रं बुजूच देत नाही. अमेरिकेत २०१६ पासून त्याचं ०.१ टक्के जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर नकोच.

अँटिबायोटिक जेल : क्लिंडामायसिनचं जेल अनेकांच्या बाथरूममध्ये सापडतं. एकटंच महिनोन्महिने लावलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून डॉक्टर सहसा ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात. हेही मनाने नको.

लावण्याचीही एक पद्धत असते

पहिले तीन दिवस एक-दोन छोट्या जागी लावून बघा. क्वचित काहींना या औषधांची तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही हाच सल्ला दिला होता. डोळे, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला, तर औषध बंद आणि तडक दवाखाना.

सगळं ठीक असेल तर एक दिवसाआड रात्री सुरुवात करा. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, नीट कोरडं होऊ द्या आणि मटारच्या दाण्याएवढं जेल पिंपल्स येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरा. फक्त पिंपलच्या डोक्यावर टिकली लावल्यासारखं नाही! कारण पुढचे पिंपल्स शेजारीच तयार होत असतात. त्वचा थोडी कोरडी होईल, सालं निघतील. त्यावर साधं मॉइश्चरायझर लावा. ‘माझी स्किन ऑइली आहे, मला कशाला’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. आणि सकाळी सनस्क्रीन. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पिंपल जातो, पण डाग मागे ठेवतो. ऊन तो डाग आणखी गडद करतं.

आणखी एक. २०२४ मध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या काही उत्पादनांत बेन्झीन हा घातक पदार्थ सापडल्याची बातमी अमेरिकेतून आली आणि एकच घबराट उडाली. मग तिथल्या एफडीएने ९५ उत्पादनं तपासली. मार्च २०२५ मध्ये निकाल आला, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झीन एकतर सापडलंच नव्हतं किंवा अगदी नगण्य होतं. मोजकी उत्पादनं बाजारातून परत घेतली गेली. यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. उष्णतेने बेन्झीन वाढू शकतं, म्हणून ट्यूब स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि तारीख उलटली की फेकून द्या.

आता खरी परीक्षा

ती म्हणजे थांबण्याची! योग्य औषधाला फरक दाखवायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला कधी बारा. पहिल्या पंधरवड्यात तर चेहरा आधीपेक्षा थोडा वाईटच दिसू शकतो. आपण मॅगी पिढीची माणसं! दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब ड्रॉवरमध्ये जाते आणि आपण पुन्हा काउंटरवर. तिथे ती दुसरी, चार दिवसांवाली ट्यूब वाटच बघत असते.

म्हणजे गंमत बघा. जे औषध खरं काम करतं, ते सुरुवातीला निकामी वाटतं. आणि जे नुकसान करतं, ते पहिल्याच आठवड्यात कॉम्प्लिमेंट्स मिळवून देतं.

ती दुसरी ट्यूब तुम्ही आधीच महिनोन्महिने लावत असाल, तर लाजू नका आणि हे वाचून आज रात्रीच मनाने बंदही करू नका. ट्यूब घेऊन त्वचातज्ज्ञांकडे जा. एकदम थांबवायची की हळूहळू, हे त्यांना ठरवू द्या. त्वचा सावरायला काही महिने लागतील. त्या काळात आरसा थोडा कमी बघा.

आणि साखरपुड्याचं काय? आठ दिवसांवर आला असेल तर पिंपल फोडू नका, लिंबू-टूथपेस्ट चोळू नका, नवीन काहीही लावू नका. थोडं कन्सीलर लावा आणि मस्त हसा. फोटोत हनुवटी कुणी बघत नाही. तीन मावश्या आणि एक काकू सोडून!

चौकट : डॉक्टर गाठाच, जर...

• पिंपल्स मोठे, खोल आणि दुखणारे असतील, किंवा खड्डे पडू लागले असतील.

• १२ आठवडे नीट औषध लावूनही फरक नसेल.

• पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर जाड केस वाढत असतील. पिंपल्सचं मूळ पीसीओएसमध्ये असू शकतं.

• गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल. साधी ट्यूबही विचारूनच.

• कुणी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या असतील. गोळ्या गुणकारी आहेत, पण गर्भावर गंभीर परिणाम करतात. मैत्रिणीच्या स्ट्रिपमधून तर कधीच नाही.