10 पौंडांची मुंबई आणि 38 मिनिटांचं युद्ध

लढाया, तह आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजुती. प्रश्न सोपे, उत्तरं चकवणारी!

सर्वांत छोटं युद्ध कोणतं?
27 ऑगस्ट 1896. इंग्रजांना न जुमानता खालिद बिन बर्गाश झांझिबारच्या गादीवर बसला होता. सकाळी 9 वाजता मुदत संपली आणि ब्रिटिश युद्धनौका राजवाड्यावर आग ओकू लागल्या. सुमारे 38 मिनिटांत खेळ खलास! खालिद जर्मन वकिलातीत पळाला. तेवढ्या वेळात झांझिबारची सुमारे 500 माणसं मेली किंवा जखमी झाली.

नेपोलियन बुटका होता?
मुळीच नाही. त्याची उंची 5 फूट 2 इंच नोंदवली गेली, पण फ्रेंच मापाने. आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचाहून मोठा! आजच्या हिशेबाने तो साडेपाच फुटांहून थोडा उंचच भरतो. त्याला टीचभर केलं ते जेम्स गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांनी.

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं असत?
तसं एकही शिरस्त्राण व्हायकिंग काळातलं सापडलेलं नाही. 1876 मध्ये जर्मनीत संगीतकार वाग्नरच्या संगीतनाटकांसाठी शिंगांचा पोशाख रंगमंचावर आला आणि लोकांच्या मनात कायमचा बसला.

पेस्ट्रीवरून युद्ध झालं?
फ्रान्सने 1838 मध्ये मेक्सिकोची बंदरं रोखली, कारण तिथल्या फ्रेंच नागरिकांच्या नुकसानीपोटी 6 लाख पेसो थकले होते. मागणाऱ्यांत एक मिठाईवालाही होता. बाकीचे विस्मरणात गेले, युद्धाला नाव मात्र पेस्ट्रीचं पडलं! या लढाईत मेक्सिकोच्या सेनापती सांता आन्नाला पाय गमवावा लागला.

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, पण लगेच?
छे! पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडच्या राजाशी लग्नाचा करार झाला 1661 मध्ये. पुढच्या वर्षी इंग्रजांची गलबतं दारात आली, तर पोर्तुगीज ताबा देईनात. इंग्रज शिपायांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम ठोकावा लागला. तिथे रोगराईने बहुतेक सगळे दगावले, त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमनही. ताबा मिळाला 1665 मध्ये, आणि 1668 मध्ये राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला 10 पौंड भाड्याने. ज्या मुंबईसाठी ते शिपाई मेले, तिची राजाच्या लेखी किंमत एवढीच!