घरपोच शुश्रूषा : नफा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

खानदेशातील तरुण पिढी पोटापाण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाते, यात नवे काही नाही. एकीकडे सुरत, तर दुसरीकडे पुणे-मुंबई, असा हा ओघ वर्षानुवर्षे चालू आहे. त्यामुळे अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्री येथील कित्येक घरांत केवळ वृद्ध मातापितेच उरले आहेत. त्यांपैकी एकाला पक्षाघात झाला म्हणजे शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न उभा राहतो. २०११ च्या जनगणनेनुसारच महाराष्ट्रात साठीपुढील नागरिकांचे प्रमाण शेकडा दहाच्या घरात होते.

ही गरज भागविण्यास प्रथम नर्सिंग ब्यूरो पुढे आले. त्यामागून फ्रँचायझी पद्धतीचा व्यापार आला. या पद्धतीत स्थानिक मालक प्रवेशशुल्क भरतो, मूळ कंपनीचे नाव वापरतो आणि बहुधा एकूण उलाढालीचा ठराविक हिस्सा तिला देतो. हा हिस्सा नफ्यावर नसून उलाढालीवर असल्याने सेवेचे तास वाढावेत, एवढेच कंपनीला पुरते. मालकाचा नफा मात्र कुटुंबाने दिलेली रक्कम आणि सेविकेच्या हाती पडणारे वेतन यांतील अंतरावर अवलंबून असतो. तेव्हा स्वस्तात मिळेल त्या अप्रशिक्षित बाईला 'सिस्टर' म्हणून धाडण्याचा मोह त्याला होणारच.

हा दोष बाजारपेठ आपोआप दूर करील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विक्रेत्याला ठाऊक असलेले दोष ग्राहकाला कळत नसतील, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर घालवतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस वेळच्या वेळी बदलली जाते की नाही, हे पुण्यातील मुलाला दिसत नाही. शय्याव्रण झाल्यावरच ते कळते. आणि मोटार बदलता येते, तशी आई बदलता येत नाही.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन वैयक्तिक शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थेस 'केअर क्वालिटी कमिशन'कडे नोंदणी करावी लागते. फ्रँचायझीधारकाचीही त्यातून सुटका नाही. आपल्याकडे स्थिती काय आहे? महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा. त्याची दृष्टी रुग्ण ठेवून घेणाऱ्या वास्तूवर आहे. रुग्णाच्या घरी माणूस पाठविणारा त्याच्या कक्षेत सहजी येत नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या अधिनियमात दुरुस्ती करून घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरविण्याची तरतूद २०१९ च्या विधेयकात होती. ते संमत न होताच २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. फसवल्या गेलेल्या कुटुंबाला ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे. परंतु ते इजा झाल्यानंतरचे दार आहे.

म्हणून मालकावर काही अटी आधीच घातल्या पाहिजेत. सेविकेची पोलीस पडताळणी व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कुटुंबाला दाखविणे; पात्र परिचारिकेने ठरावीक काळाने घरी येऊन पाहणी करणे; सेविका न आल्यास त्याच दिवशी बदली देणे; आकारलेल्या रकमेपैकी सेविकेला किती मिळते, हे करारात लिहिणे; आणि कसूर झाल्यास मालकाइतकीच मूळ कंपनीही जबाबदार धरणे, या त्या अटी होत.

यामुळे सेवा महाग होईल आणि लहान मालक टिकणार नाही, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. निर्वाहवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला वाढीव दर जड जाईल, हे खरे. परंतु आजचा दर कमी दिसतो तो सेविकेचे वेतन आणि रुग्णाची सुरक्षितता यांना कात्री लावल्यामुळे. ही बचत नव्हे, दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च आहे. त्यातून मार्ग काढायचा तर शासनाने जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमार्फत सेविकांसाठी अल्प शुल्काचे प्रशिक्षण सुरू करावे. प्रशिक्षणाचा भार हलका झाला, तर प्रामाणिक लहान मालकही टिकेल.

दुसऱ्याच्या घरात रुग्णाच्या उशाशी माणूस ठेवण्याचा अधिकार केवळ प्रवेशशुल्क भरून मिळता कामा नये. ज्याला नाव हवे, त्याने त्या नावाचे उत्तरदायित्वही पत्करले पाहिजे.