अजगर पाळण्याचा प्रश्न : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

मराठीत सुस्त माणसाला अजगराची उपमा देण्याचा प्रघात आहे. अजगर पाळणे सोपे, ही समजूतही बहुधा याच उपमेच्या आश्रयाने वाढली असावी. आठवडेच्या आठवडे न खाणारा आणि हाताळले असता सहसा न चावणारा प्राणी पाळण्याजोगा वाटला, तर त्यात नवल नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाट व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असलेले अंबाबरवा अभयारण्य, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील शेती आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेतील ज्ञानगंगा अभयारण्य अशी रचना आहे. रान आणि शिवार इतकी लगत असता, शेतात निघालेला अजगर कोणी कौतुकाने घरी नेऊन ठेवणे सहज संभवते. म्हणून या समजुतीची शास्त्रीय तपासणी आवश्यक ठरते.

अजगराच्या निश्चलतेमागे उष्णतेचा काटेकोर हिशेब असतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील भारतीय अजगर हिवाळ्यात साळिंदराच्या बिळांचा आश्रय घेतात आणि दिवसा बिळाच्या तोंडाशी ऊन खातात. ऊब आणि गारवा यांतील ही ये-जा हीच त्याची दिनचर्या. पूर्वी भारतीय अजगराचीच उपजात मानल्या गेलेल्या ब्रह्मदेशी अजगरावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. भक्ष्य गिळल्यावर त्याच्या चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 48 तासांत हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पुढील काही प्रयोगांत मात्र ही वाढ तशी दिसली नाही. अंडी उबवणारी मादी स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने स्वतः उष्णता निर्माण करते, हे 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील निरीक्षणांनी दाखवून दिले.

या सर्व क्रिया तापमानावर अवलंबून आहेत. पुरेशी ऊब नसेल तर पचन मंदावते, भक्ष्य पोटातच कुजू लागते आणि अजगर ते ओकून टाकतो. पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तर डोंगरावरील बुलढाणा शहरात हिवाळ्याच्या रात्री थंड असतात. पत्र्याच्या खोलीतील पेटीत ठेवलेल्या अजगराला यांपैकी कशापासूनही दूर सरकता येत नाही. अशा वेळी तो अधिकच स्वस्थ पडून राहतो, आणि पाळणारा ते माणसाळण्याचे लक्षण मानतो!

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. भारतीय अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून तो पाळता येत नाही. हाती आलेल्या अशा प्राण्याची माहिती 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत अधिकाऱ्यास देणे कलम 39 अन्वये बंधनकारक आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या अपराधास किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावासाची आणि, 2022 च्या दुरुस्तीनंतर, किमान 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे. साप सोडविणाऱ्या सर्पमित्रांनाही यातून सूट नाही. प्रदर्शनासाठी चार दिवस ठेवून घेण्याची हौस सद्हेतूने केली तरी बेकायदेशीरच होय.

परदेशी अजगरांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत 2022 च्या दुरुस्तीने नोंदणी बंधनकारक केली आणि 2024 मध्ये तिचे नियम आले. परंतु नोंदणीने जीवशास्त्रीय धोका टळत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले, काही मालकांनीच सोडून दिले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वसाहत झाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण 99.3 टक्क्यांनी घटलेले आढळले. भक्षणाने झालेली ही हानी डोळ्यांना दिसते तरी. त्या अजगरांबरोबर फुप्फुसात राहणारा एक आशियाई परजीवीही आला आणि तो आता तेथील स्थानिक सापांत पसरला आहे. परदेशी सापांच्या शेजारच्या पेटीत काही दिवस काढलेला आपला अजगर पुन्हा ज्ञानगंगेच्या रानात सोडताना त्याच्या अंगातून काय सोडले जाते, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येणार नाही.