रानाचा राखणदार वर्गांत

एखादें रमणीय स्थळ पाहावयाचें तर तेथवर पाय झिजवीत गेलें पाहिजे, हा नियम आपल्या आजोबा-पणजोबांस चांगला ठाऊक होता. आगगाडीनें तो कांहींसा सैल केला. परंतु ज्याच्या गांठीं भाड्यापुरते पैसे नाहींत, त्याला तो आजही सुटलेला नाहीं. या अडचणीवर अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांनीं एक सोपी युक्ति काढिली आहे. मुलांस रानाकडे जातां येत नसेल, तर रानाच्या राखणदारानें मुलांकडे जावें, ही ती युक्ति होय.

ता. १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट यांनीं कायद्यावर सही केली आणि यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान अस्तित्वांत आलें. हा प्रदेश लोकांच्या हितासाठीं व आनंदासाठीं राखिला जावा, असें त्या कायद्यांत म्हटलें आहे. आणि उत्तरेकडील प्रवेशद्वाराच्या दगडी कमानीवर, जिचा पाया १९०३ सालीं घातला गेला, तेच शब्द कोरलेले आहेत. पण ‘लोक’ म्हणजे कोण? ज्यांस प्रवासाची ऐपत व सवड आहे, तेवढेच काय? हजार मैलांवरील खेड्यांतला मुलगा, किंवा पायांनीं अधू असलेली मुलगी, यांचा त्या कमानीवरील शब्दांत वांटा नाहीं काय? वर्गाशीं होणारी रेंजरची भेट हें या प्रश्नाचें एक उत्तर आहे.

रेंजर म्हणजे उद्यानाचा रक्षक. रानाची व वन्य पशूंची राखण करणें, वाट चुकलेल्यांस सोडविणें हीं त्या खात्याचीं कामें आहेतच. पण आलेल्या पाहुण्यांस रानाची ओळख करून देणें, हेंही तेथें तितकेंच मोलाचें मानिलें जातें. भेटीची व्यवस्था अगदीं साधी असते. शिक्षक अगोदर उद्यानास लिहून वर्गाची इयत्ता, मुलांची संख्या आणि चालू असलेला पाठ कळवितात. ठरल्या वेळीं वर्गांतील संगणकाच्या पडद्यावर रुंद कांठाची टोपी घातलेला रेंजर दिसूं लागतो. त्यालाही वर्ग दिसत असतो. प्रथम तो थोडें सांगतो, एखाद्या पशूची कवटी किंवा कातडी दाखवितो आणि मग मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देतो. चित्रपट व ही भेट यांतील भेद येथेंच आहे. चित्रपटास कोणी प्रश्न विचारूं शकत नाहीं.

यलोस्टोनमधील ‘ओल्ड फेथफुल’ या उष्ण पाण्याच्या कारंजाचेंच उदाहरण घेऊं. तें १०६ ते १८४ फुटांपर्यंत उंच उडतें. कां उडतें? पावसाचें व वितळलेल्या बर्फाचें पाणी जमिनींत खोल झिरपतें आणि तेथील तप्त खडकांनीं तापतें. वर अरुंद नळी असल्यामुळें तिच्यांतील पाण्याचा भार खालच्या पाण्यास लवकर उकळूं देत नाहीं. शेवटीं वरचें थोडें पाणी बाहेर सांडतें, भार हलका होतो, आणि खालचें अतितप्त पाणी एकदम वाफ होऊन उसळतें. एखादी मुलगी विचारील, “पुढची उसळी केव्हां येईल, हें तुम्हांस कसें कळतें?” रेंजर सांगेल कीं, मागची उसळी किती वेळ टिकली तें घड्याळांत पाहावें. ती अडीच मिनिटांहून कमी टिकली असेल, तर पुढची एक तासाहून थोड्या अधिक वेळानें येते. जास्त टिकली असेल, तर सुमारें दीड तास थांबावें लागतें. एवढ्यावर मुलें आपल्या वहीत हिशेब मांडूं शकतात.

दुसरा विद्यार्थी लांडग्यांविषयीं विचारील. तेव्हां मनुष्याच्या चुकीची कथाही सांगावी लागते. लांडगा हा निव्वळ उपद्रवी प्राणी, असें समजून १९२६ पर्यंत या उद्यानांतील लांडग्यांचे कळप मारून टाकण्यांत आले. पुढें हरणांचे कळप अतोनात वाढले व कोवळी झाडें खाल्लीं जाऊं लागलीं, तेव्हां चूक उमगली. आणि १९९५ व १९९६ या सालांत कॅनडांतून ३१ लांडगे आणून तेथें सोडण्यांत आले. अशा प्रश्नोत्तरांत “हें अजून आम्हांसही ठाऊक नाहीं, आम्ही शोध करीत आहों,” असें उत्तर रेंजर कधीं कधीं देतो. ज्ञानी मनुष्याच्या तोंडून असें उत्तर ऐकावयास मिळणें, हें लहान शिक्षण नव्हे.

कांहीं ठिकाणें तर अशीं आहेत कीं, तेथें गर्दीनें न जाणेंच बरें. अलास्कांतील कॅटमाय उद्यानांत ब्रुक्स नदीवर अस्वलें सामन मासे धरतात. तेथें गाडीरस्ता नाहीं, विमानानें किंवा नावेनें जावें लागतें. कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांजवळ तर पाणबुडे रेंजर समुद्रांतील शेवाळाच्या अरण्यांत उतरून, मुखवट्यांतील ध्वनियंत्रावरून वर्गांतील मुलांशीं बोलले आहेत.

तथापि पडदा म्हणजे रान नव्हे, हें विसरूं नये. कारंजाजवळचा गंधकाचा वास, पहांटेची थंडी आणि झाडांखालची निःशब्दता पडद्यावरून येत नाहीं. शिवाय मुलें अगोदर वाचून व प्रश्न लिहून बसलीं नाहींत, तर अर्धा तास पाहतां पाहतां निघून जातो आणि हातीं कांहींच लागत नाहीं.

मग या सर्व खटाटोपाचें फळ काय? उद्यानें कायद्यानें निर्माण झालीं, आणि कायदे लोक बदलूं शकतात. ज्यानें रान कधीं पाहिलें नाहीं व त्याच्याविषयीं कोणाशीं बोललेंही नाहीं, तो उद्यां त्याचें रक्षण कां करील? आजचीं मुलेंच उद्यांचे ‘लोक’ आहेत.

यलोस्टोनमध्यें हिवाळ्यांत सकाळचे दहा वाजतात, तेव्हां आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्यामुळें तेथील रेंजर आपल्या शाळेच्या वेळांत यावा, ही आशा व्यर्थ आहे. पण बोरिवलीच्या व ताडोबाच्या रानांतही रक्षक आहेत, आणि त्यांचें घड्याळ आपलेंच आहे. पालकांनीं व शिक्षकांनीं मनावर घेतल्यास त्यांपैकीं एखाद्यास वर्गांत बोलावणें अशक्य नाहीं. तोंवर, मित्रहो, आपण त्यास काय विचाराल, तेवढें लिहून ठेवा.